मधला चौकोन

महागाव
१५ मे २००६

नजीर,
जय भीम.

फोनवर तुला निम्मं ऐकू गेलं नाही आणि माझं ओरडणं मात्र सगळ्या बाजारलाईनने ऐकलं, म्हणून हे पत्र. सोबत पायलच्या लग्नाचे दोन फोटो आहेत, पहिला आणि शेवटचा. आधी ते पाहा, मग पुढे वाच.

पायल म्हणजे आमच्या उकंडा मनवरची मुलगी. यंदा महागावात लग्नंच नाहीत. कापसाने लोकांचं कंबरडं मोडलं, ज्याने त्याने पोरींची लग्नं पुढच्या सालावर टाकली. एरवी उन्हाळ्यात पंधरा-सोळा लग्नं काढणारा मी. यंदा हे पहिलं मोठं लग्न, आणि त्यातच तुझ्याकडून घेतलेल्या या डिजिटल कॅमेऱ्याने माझं नाक कापलं.

नवरा-नवरी दोघंही पुसट. मागे टेबलावर ठेवलेला बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो मात्र असा लख्ख, की बाबासाहेबांच्या चष्म्याची दांडी दिसावी. एक-दोन नाही, सगळे तसेच. आमच्याकडे त्या फोटोला पाठ करत नाहीत आणि तो झाकलाही जाऊ देत नाहीत, हे तुला माहीत आहे. मी नेहमीसारखं जोडप्याला दोन बाजूंना उभं केलं, फोटो बरोबर मधोमध. काचेवर चमक येते म्हणून फ्लॅश मारला नाही, लेन्स पूर्ण उघडी ठेवली. एकोणीस वर्षं असंच काढतो. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने कधी दगा दिला नाही. याच्या पाठीमागच्या टीचभर पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं; पुसदच्या लॅबमधून प्रिंट आल्या आणि पायाखालची जमीन सरकली.

पायल अल्बम हातात घेऊन म्हणाली, "काका, याच्यात मी हाव कुठी?" उकंडाला उलट आनंद. म्हणतो, "आपल्या बापाचा फोटो त सुरेख आला." मोठा करून भिंतीला लावणार आहे म्हणे. मला हसावं की रडावं कळेना.

काल आर्णीला आपल्या फोटोग्राफर संघटनेची बैठक होती. तिथे मी सांगून टाकलं, की नजीरच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मागे पडतो, समोरचं सोडून मागचं धरतो. तुझ्याकडून कॅमेरे घेणार होते ते नऊही जण आता थांबले आहेत. वाईट वाटून घेऊ नको, पण पोरांना सावध करणं माझं काम होतं. त्यातल्या निम्म्यांना मीच शिकवलं आहे.

कॅमेरा परत घे.

धर्मपाल


यवतमाळ
२० मे २००६

धर्मपाल,
सलाम.

तुझं पत्र आधी जुबैदाने वाचलं आणि मला न देता पाणी दिलं. म्हणाली, आधी हे प्या.

फोटो पाहिले. तुझी चिडचिड खोटी नाही. पण दोन फोटोंवरून मशीनला फाशी देता येत नाही. घड्याळ मागे पडलं की आधी किल्ली दिली होती का विचारतात. तेव्हा एक चाचणी कर.

टेबल खिडकीपाशी घे. तीन काडेपेट्या तिरप्या ओळीत उभ्या कर, एक पुढे, एक मध्ये, एक मागे, दोन पेट्यांत चार-चार बोटं अंतर. कॅमेरा स्टँडवर घट्ट बांध आणि मग त्याला हलवू नको. लेन्स लग्नात होती तशी पूर्ण उघडी. डोळा लावलास की आत बारीक चौकोन दिसतात. त्यातला मधला चौकोन मधल्या काडेपेटीवर असू दे. बटण अर्धं दाब, टिक वाजलं की पूर्ण दाब. मग लेन्ससमोर तळहात धरून त्याला जवळचं पाहायला लाव, हात काढ आणि पुन्हा पहिल्यापासून. असे दहा फोटो. एकावर भरवसा ठेवू नको, मशीनही एखादवेळी चुकतं.

दहात आठ-नऊदा मधली काडेपेटी स्पष्ट आली, तर कॅमेरा नेमका आहे. सारखी मागचीच स्पष्ट आली, तर दोष माझ्या मालाचा. मग मी एक शब्द न बोलता परत घेईन.

बैठकीत बोलण्याआधी मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून आपण एका बाकावर बसलो. असो. आधी चाचणी.

नजीर


महागाव
२९ मे २००६

नजीर,

चाचणी केली. तीन प्रिंट सोबत आहेत. तिन्हींत मागची काडेपेटी स्पष्ट आहे, मधली पुसट. बाकीचे सातही तसेच आले, म्हणून छापायला दिले नाहीत.

कॅमेरा याच पार्सलात पाठवतो आहे. कार्ड रिकामं केलं आहे.

इकडे ऊन फार आहे. दुपारी स्टुडिओत कोणी फिरकत नाही. सकाळी येतात ते सरकारी अर्जाला चिकटवायचे फोटो काढायला. आंब्याला यंदा मोहोरच कमी होता. जुबैदावहिनींची तब्येत कशी आहे? कहकशांचा दहावीचा निकाल कधी आहे? नक्की कळव.

धर्मपाल


यवतमाळ
५ जून २००६

धर्मपाल,

प्रिंट पाहिल्या. तू म्हणतोस तसंच आहे.

संघटनेला आजच पत्र टाकलं. मी विकलेला कॅमेरा सदोष होता, धर्मपालचा काही दोष नाही, असं सहीनिशी लिहून दिलं आहे. म्हणजे तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

सोबत माझा स्वतःचा कॅमेरा पाठवतो. दुकानात मी तोच वापरत होतो. याचा फोकस मी स्वतः तपासला आहे. ठेव तुझ्याकडे, परत करू नको. तुझ्याकडे गिऱ्हाईक चेहरा घेऊन येतं, त्याला नंतर या म्हणता येत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला मिक्सर येतात, ते वाट पाहतात.

कहकशां पास झाली. तुला आठवण राहिली, बरं वाटलं.

नजीर


महागाव
३० जून २००६

नजीर,

उत्तराला उशीर झाला. पेरणीचे दिवस, लाईट नाही, काही ना काही निघत राहिलं.

कॅमेरा मिळाला. छान चालतो. नेरच्या एका साखरपुड्याला नेला होता, फोटो चांगले आले. लोक म्हणाले, कॅमेरा चांगला असला की फरक पडतोच.

तू संघटनेला लिहायची काही गरज नव्हती. बाकी काय लिहू. कहकशांला शाबासकी सांग.

धर्मपाल


यवतमाळ
२२ जुलै २००६

धर्मपाल,

संघटनेच्या त्या नऊ जणांनी नागपूरहून कॅमेरे आणले. डोंगरसिंग अध्यक्ष असल्यामुळे बिचारा स्वतः कळवायला आला, चहा न घेता गेला. दुकानाचा पुढचा भाग मी सोडून दिला. तिथे आता मोबाईलचे कव्हर विकतात. मी मागे बसतो. हल्ली मिक्सर, इस्त्री आणि पंखे.

तू परत केलेला कॅमेरा मी पुष्कळ तपासला. दोष सापडत नाही. म्हातारा झालो असेन. तुला लग्नाच्या दिवसाचं आणखी काही आठवत असेल, काहीही, तर लिही.

नजीर


महागाव
१८ ऑगस्ट २००६

नजीर,

दोष सापडणार नाही. कॅमेऱ्यात दोष नव्हता.

हे वाक्य मी आठ दिवसांत चार कागदांवर लिहून फाडलं. आता एका बैठकीत सगळं लिहितो, नाहीतर हाही कागद जाईल.

तू सांगितलीस तशी काडेपेट्यांची चाचणी मी केली. पहिल्याच फोटोत मधली काडेपेटी अशी स्पष्ट आली, की तिच्या कडेवरची मसाल्याची रेघ दिसत होती. दहा काढले, दहाही बरोबर. मला राग आला. अजून दहा काढले. मग खिडकी बंद करून, मंडपातल्यासारखा अंधार करून आठ काढले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नेमके. म्हणजे हा कॅमेरा ज्याच्यावर चौकोन ठेवाल त्याच्यावर नेम धरतो. मग मी लग्नातला एक फोटो पुढ्यात घेतला आणि मधोमध बोट ठेवलं. बोट बाबासाहेबांच्या फोटोवर पडलं.

जोडपं दोन बाजूंना, मध्ये तो फोटो, आणि मधला चौकोन बरोबर त्याच्यावर. कॅमेऱ्याने त्याला सांगितलं तेच केलं. जुन्या कॅमेऱ्यात मी आधी नवरीच्या डोळ्यांवर रिंग फिरवायचो, मग चौकट लावायचो. यात आपोआप होतं म्हणून मी चौकट लावली आणि बटण दाबत सुटलो. विकत घेताना तुला विचारायला हवं होतं, की तो चौकोन कशाचा. विचारलं नाही. एकोणीस वर्षं फोटो काढणाऱ्याने विचारायचं कसं, असं वाटलं.

तेव्हाच तुला लिहिलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण आर्णीला मी आधीच बोलून बसलो होतो. ज्या पोरांना मी शिकवलं, त्यांच्यापुढे जाऊन सांगू, की मास्तरलाच कॅमेरा धरता येत नाही? मग मी चौकोन मागच्या काडेपेटीवर नेला, बटण अर्धं दाबून धरलं म्हणजे नेम तिथेच अडकून राहतो, कॅमेरा मधल्या काडेपेटीकडे वळवला आणि पूर्ण दाबलं. असे तीन. तेच तुला पाठवले. बाकीचे अठ्ठावीस एकेक करून पुसले. हात थरथरला असं लिहिणार होतो, पण तो थरथरला नव्हता. अगदी स्थिर हाताने केलं.

मला वाटलं होतं तू भांडशील. भांडलास तर मीही भांडेन, आणि त्या गलक्यात सगळं जिरून जाईल. तू तर स्वतःचा कॅमेरा पाठवलास. नजीर, तो मी वापरतो. त्याचा चौकोन आधी डोळ्यांवर ठेवतो, मग चौकट लावतो. फोटो सुरेख येतात. लोक स्तुती करतात आणि प्रत्येक स्तुतीत तुझा पहिला कॅमेरा आणखी वाईट ठरतो. मी मान डोलावतो.

आज लिहितो आहे ते कांताबाईमुळे. तिचा नवरा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. जिनिंग बंद पडली तेव्हा वीटभट्टीवर गेला आणि मागच्या महिन्यात तिकडेच तापाने वारला. तिच्याकडे त्याचा फोटो नाही. कोणीतरी तिला सांगितलं, की पायलच्या लग्नात तो मंडपात उभा होता. ती आली. आम्ही दोघांनी मिळून शोधला. सापडला. वर-वधूच्या शेजारी, हातात अक्षता म्हणून फुलांच्या पाकळ्या, नवा सदरा. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग. ती बराच वेळ फोटो जवळ नेऊन, लांब धरून पाहत राहिली. मी म्हणालो, "बाई, कॅमेराच खराब होता."

ती म्हणाली, "ज्यानं असला डबा तुमाले देल्ला, त्याच्या घरी दिवा नाई लागणार, सांगून ठेवतो."

मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. तिला पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडलं. तुझ्या घराला शिव्याशाप देऊन ती पायऱ्या उतरली आणि मी दारात उभा राहून, "सांभाळून जा बाई" म्हणालो.

मला माझीच किळस येते. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून पत्र.

धर्मपाल


यवतमाळ
२५ ऑगस्ट २००६

धर्मपाल,

मला माहीत होतं.

तुझ्या तीन प्रिंट हातात आल्या त्याच दिवशी कळलं. स्टँडवर घट्ट बांधलेल्या कॅमेऱ्याचे तीन फोटो, आणि टेबलाची कड तिन्हींत वेगवेगळ्या जागी. हाताने वळवल्याशिवाय असं होत नाही. प्रिंटच्या पाठीवर लॅब नंबर छापते, तेही तू पाहिलं नाहीस. लग्नाचा शेवटचा फोटो तीनशे अठराचा, आणि चाचणीचे सुरू होतात तीनशे सत्तेचाळीसपासून. मी दहा काढायला सांगितले होते. मधल्या अठ्ठावीस फोटोंत काय असेल, ते कळायला फार अक्कल लागत नाही.

तू मला चांगला माणूस समजून पत्र लिहिलं आहेस, म्हणून सांगतो. संघटनेला मी लिहिलं ते मोठ्या मनाने लिहिलं नव्हतं. रागाने लिहिलं होतं. म्हटलं, पाहू या, हा माझ्या डोक्यावर किती ओझं ठेवतो. कॅमेरा पाठवला तोही त्याच रागाने. रोज पोस्टमन यायच्या वेळी दारात जाऊन उभा राहायचो. जुबैदा पहिल्या दिवसापासून म्हणत होती, सरळ लिहून टाका की मला कळलं आहे. मी ऐकलं नाही. दोन महिने आणि वर तेरा दिवस मी तुझी चाचणी घेत बसलो.

एका ओळीत तुला अडवता आलं असतं. तू काडेपेट्या लावून मला फसवलंस, आणि मी ते कळूनही दोस्ताला आणखी खोल जाऊ दिलं. दुकानाचा पुढचा भाग गेला तो तुझ्या खोटेपणाने गेला, पण माझ्या हट्टानेही गेला. मला याची शरम वाटते. आणि कॅमेरा देताना तुला चहा पाजला, चौकोन समजावला नाही. वाटलं, धर्मपालला काय शिकवायचं.

तरी राग आहेच. कांताबाईचं वाचून तर जेवण गेलं नाही. घरात कहकशां आहे माझ्या.

मला एकट्याला कागदावर सांगून भागणार नाही. जिथे बोललास तिथे जाऊन बोल.

नजीर


महागाव
११ सप्टेंबर २००६

नजीर,

आधी कांताबाईकडे गेलो. ती शेंगा निवडत होती. सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. मग म्हणाली, "म्हंजे त्या माणसानं काई केलं नोतं? मंग माहा शाप मी आता वापस कसा घेऊ?" मी म्हणालो, माझ्या नावाने कर. ती म्हणाली, "तुमच्या नावानं कायले? तुमी त समोर उभे हा." आणि पुन्हा शेंगा निवडू लागली. नवऱ्याच्या फोटोबद्दल तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काल आर्णीला बैठक होती. चहाच्या आधीच उभा राहिलो, कारण चहानंतर मी बसून राहिलो असतो हे मला माहीत आहे. चौकोन, काडेपेट्या, पुसलेले फोटो, सगळं सांगितलं. तुझं पत्र खोटं होतं आणि ते माझ्यामुळे लिहिलं गेलं, हेही सांगितलं.

डोंगरसिंग म्हणाला, "तुमी आमचे मास्तर. तुमच्या शबदावर आमी त्या माणसाचं दुकान बसवलं. मी सोता जाऊन सांगून आलो त्याले." दोघं-तिघं उठून बाहेर गेले. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हळूच दुसरीकडे जाऊन बसला. हे असं होणार हे ठाऊक होतं, तरी ते पाहताना खाली पाहावं लागलं.

मग विक्की उठला. आर्णीतच त्याचा स्टुडिओ आहे, माझ्याच हाताखाली शिकला. म्हणाला, "सर, माह्या कॅमेऱ्यात बी तसंच येऊन राह्यलं. दोन लग्नं खराब झाले. नागपूरवाल्यानं नुसता डबा हातात देल्ला. तुमाले विचाराची लाज वाटे, काहून का तुमी म्हणान का एवढं बी येत नाई." त्याच्यामागून आणखी एक बोलला, मग तिसरा. नऊपैकी सहा जणांचं तेच निघालं. सगळे आपापल्या घरी पुसट फोटो लपवून बसले होते, आणि मास्तरला कसं विचारायचं म्हणून गप्प होते. हे मी त्यांना शिकवलं, नजीर. फोटो शिकवले तसंच हेही.

त्यांनी मला तिथेच चौकोन समजवायला सांगितलं. मी म्हणालो, समजावणारा यवतमाळला बसला आहे आणि आमच्या कृपेने पंखे दुरुस्त करतो. तेव्हा ठरलं आहे, की नऊही जण आपापले कॅमेरे घेऊन येत्या रविवारी, सतरा तारखेला, तुझ्याकडे येतील. शिकायचं आहे, आणि माफीही मागायची आहे. डोंगरसिंग म्हणतो, यापुढे संघटनेच्या प्रत्येक कॅमेऱ्याची तपासणी तुझ्याच हातून होईल. दुकानाचा पुढचा भाग तेवढ्याने परत मिळेल की नाही ते मला माहीत नाही.

तुझा कॅमेरा विक्कीजवळ देतो. पायल दिवाळीला माहेरी येईल तेव्हा तिला आणि जावयाला लग्नाच्या त्याच पांढऱ्या कपड्यांत पुन्हा उभं करीन म्हणालो होतो. तिने निरोप पाठवला, "काका, लगन एकदाच लागते." बरोबरच आहे तिचं.

नऊ जण सकाळच्या गाडीने निघतील. मी यावं की नाही, ते तू सांग. तुझं उत्तर आलं नाही, तर त्यांना गाडीत बसवून देईन आणि घरी परत जाईन.

धर्मपाल


यवतमाळ
१३ सप्टेंबर २००६

धर्मपाल,

रविवार चालेल. त्यानंतरच्या आठवड्यात रोजे लागतील, तेव्हा पुढे ढकलू नका.

राग गेलेला नाही. तो पत्रात मावत नाही, समोर बसूनच काढावा लागेल. जुबैदा विचारत होती, नऊ जणांचा स्वयंपाक करू की दहा. मी दहा सांगितलं.

नजीर